टरफलांचं ग्राफिन

४ फेब्रुवारी

ती. ताईस,
शि. सा. न. वि. वि.

तुझं पत्र पोचलं. चारपैकी तीन पानं मला हसण्यातच घालवलीस. भुईमुगाची टरफलं भाजून पोट भरणारा रसायनतज्ज्ञ आपल्या घराण्यात याआधी झाला नाही, हे कबूल. आमच्या साहेबांना 'तो दाढीवाला' म्हणणं मात्र बरं नव्हे.

एकदा नीट समजून घे. टरफलं बंद भट्टीत भाजली की कोळसा होतो. तो दळून काचेच्या जाड नळीत ठासायचा आणि विजेचा एकच जबरदस्त झटका द्यायचा. नळी क्षणभर अशी पेटते की डोळे दिपतात, आणि त्या कोळशाचे एका अणूइतके पातळ पापुद्रे सुटतात. तेच ग्राफिन. पोलादाहून चिवट, आणि वीज तर तांब्यासारखी वाहून नेतं. इतर लोक ते महागड्या वायूंपासून काढतात, आम्ही कचऱ्यातून. माल बाहेर पडतो तो माझ्या सहीच्या दाखल्यावर, हेही तुझ्या माहितीसाठी.

सोबत पाव किलोची पुडी पाठवली आहे. तुझा जन्म रबरी हातमोज्यांच्या कारखान्यात गेला. रबरात मिसळून बघ, मोजा किती टिकतो ते कळव.

लोभ असावा, टोमणे आवरावेत.

तुझा धाकटा

१५ फेब्रुवारी

चि. शहाणोबास,
अ. उ. आ.

पुडी मिळाली. तिच्यावरचं चकचकीत लेबल आमच्या मिश्रणखात्यात हातोहात फिरलं आणि सगळ्यांची करमणूक झाली. अरे, मी हातमोजे करते ते खांबावर चढणाऱ्या वायरमनांचे. त्यात वीज वाहून नेणारी वस्तू घाल म्हणणारा तुमचा भाऊ कॉलेजात नक्की काय शिकला, असं फोरमननी विचारलं. म्हटलं, आमच्यात तोच हुशार.

तरी तुझ्या शब्दाखातर एक मोजा केला. चांगली मुठीमुठीने भुकटी ओतली, म्हटलं मोजा बाद होणारच. नेहमीसारखं आत पाणी भरलं, पाण्याच्या टाकीत बुडवला आणि वीज सोडली. मोज्यातून गळणारी वीज दाखवणारा काटा हलेना. विजेचा दाब वाढवला, तरी काटा ढिम्म. तुझा मोजा झोकात पास झाला!

लगेच नाचू नकोस, डोकं चालव. तांब्यासारखी वीज वाहणारा माल मुठीने घातला आणि मोज्यातून वीज जाईना, तर पुडीत आहे काय? नाव सोनुबाई, हाती कथलाचा वाळा. या कोळशाला विजेचा झटका कधी बसलेलाच नाही, हे मला दहावी नापास बाईला कळतं. तू तर त्यावर सह्या करतोस. दाढीवाल्याला विचारण्याआधी स्वतःच्या पायांनी भट्टीपर्यंत जा. पाय शाबूत आहेत ना?

तब्येतीला जप. अकलेला जास्त जप, ती आधीच नाजूक आहे.

ताई

२ मार्च

ती. ताईस,
शि. सा. न. वि. वि.

चार दिवस तुझ्यावर फुगून बसलो, पाचव्या दिवशी भट्टीकडे गेलो. झटक्याचं यंत्र ताडपत्रीखाली आणि ताडपत्रीवर बोटभर धूळ. भट्टीवाला म्हणाला, नळ्या फार फुटत होत्या म्हणून तीन महिन्यांपूर्वीच बंद केलं. तेव्हापासून नुसता कोळसा दळून पुड्या भरतात. माझ्याकडे तपासायला येणारा नमुना मात्र पहिल्या, खऱ्या मालातला. एका बरणीत जपून ठेवलेला. दर आठवड्याला मी तीच बरणी तपासत होतो आणि ऐटीत सही ठोकत होतो. आलेख दर वेळी तंतोतंत जुळतो याचा मला अभिमान वाटायचा, ताई. गाढवालाही संशय आला असता.

साहेबांना विचारलं तर हसले. म्हणाले, काळं ते काळं, गिऱ्हाईक काय दुर्बीण लावून बसतंय? मी गिऱ्हाइकांची यादी काढली. त्यात एक रंगाचा कारखाना निघाला. ते हा माल रंगात घालतात आणि तो रंग पेट्रोलच्या टँकरांच्या टाक्यांना आतून मारून देतात. पेट्रोल ओतताना टाकीत वीज साठते, ती रंगातून वाहून गेली नाही तर ठिणगी पडू शकते. त्यासाठी त्यांना ग्राफिन हवं, आणि आम्ही दिला कोळसा. साहेबांना हे सांगितलं तेव्हा ते म्हणाले, आजवर काही पेटलंय का? पेटलं की बघू.

मी तसाच त्या कारखान्यात गेलो. मॅनेजरला म्हटलं, दाखला खोटा आहे आणि सही माझी आहे. अर्धा तास उभं करून त्याने मला फैलावर घेतलं. नऊ टाक्या रंगवून झाल्या होत्या. दोन पेट्रोल भरायला निघाल्या होत्या, त्या फाटकातून मागे फिरवल्या. परत येऊन बाकीच्या गिऱ्हाइकांना एकेक पत्र लिहिलं. साहेबांनी त्याच दिवशी माझं ओळखपत्र काढून घेतलं. आता ते सांगत फिरतात की भेसळ मीच केली.

हस आता. या खेपेला तुला हक्क आहे.

तुझा धाकटा

१२ मार्च

चि. धाकट्यास,
अ. उ. आ.

हसले नाही. त्या दोन टाक्यांचं वाक्य दोनदा वाचलं.

काल तुझा दाढीवाला इथे उगवला. कडक इस्त्रीचा पांढरा शर्ट, अंगाला अत्तर. मिश्रणखात्यातल्याच स्टुलावर बसवला. म्हणाला, भावाचा जरा गैरसमज झालाय. त्याने पत्रं मागे घेतली तर वरच्या हुद्द्यावर परत घेतो, थोरल्या बहिणीचं तो ऐकेल. मी म्हटलं, जन्मात एकदाच ऐकलं त्याने, तर तुम्हाला एवढी धावपळ करावी लागली. कोळसा उगाळावा तितका काळाच, हे ठाऊक होतं. तो लेबल लावून खपवणारा माणूस आज बघितला. तोंड पाडून उठला. काजळी धरलेल्या भिंतीला टेकला होता, शर्टाच्या पाठीवर काळा हातभर पट्टा उमटला होता. आम्ही कोणीच सांगितलं नाही.

तर तुला न विचारता तुझ्या वतीने मी नाही म्हणून मोकळी झाले. राग आला असेल तर कागदावर भांडू नकोस, समोर ये. कारखान्यामागची खोली मी रिकामी करून घेतली. फोरमननी तुझ्या झटक्यासाठी तिथवर जाड वायर ओढून दिली. खरं ग्राफिन असतं तरी कसं ते त्यांना बघायचंय. मला तुझ्या त्या पापुद्र्यांचं अजून काडीचं कौतुक नाही, हे लक्षात असू दे. पण नळ्या फुटतात म्हणून ताडपत्री टाकणाऱ्यांतला तू नाहीस, एवढं मला कळलं.

वाट बघतेय म्हणून फुशारू नकोस. येताना कपडे कमी आण, नळ्या जास्त.

तुझी ताई