आईने रंगवलेली पाटी

जुसेलिया,

पाटी सुधारायला तू बोलावलेला पेंटर आला तर त्याला परत पाठव. दुकानाची पाटी घरात शोधू नकोस, ती माझ्याबरोबर होडीत आहे. मी बेटावर असाईची फळं आणायला गेलोय.

'असाई'त दोन एस नसतात, शेपटीवाला एकच सी असतो, हे तुझं बरोबर आहे. शिकलीस त्याचं चीज झालं. पण बेलेममध्ये पाटी वाचतो कोण? दाराशी लाल झेंडा दिसला की लोकांना कळतं, आज असाईचा ताजा गर आहे. परवाचा तो परदेशी पाहुणासुद्धा झेंडा बघूनच आला आणि "अकाई द्या, साखर घालून" म्हणाला. तुझी आई असती तर म्हणाली असती, "बाबा रे, नाव काहीही घे, पण साखर मागू नकोस."

पाटीवरचे ते दोन एस तिने शिडीवर चढून रंगवलेत. मी खाली शिडी धरून उभा आणि ती वरून ओरडतेय, "म्हाताऱ्या, हलू नकोस!" तिच्या हातचं दुसरं अक्षर आपल्या घरात नाही.

तुला हवी तर तुझी शुद्ध पाटी शेजारी लाव.

पाटीला जागा करायला दोन टोपल्या घरीच ठेवल्यात. आज माल कमी येईल. गिऱ्हाइकांना तूच समजाव.

बाबा