भार्गवच्या झोळीतला रुपया

ओसाका, फेब्रुवारी १९७१

ती. आईस साष्टांग नमस्कार.

रविवारी सकाळी पूजेला बसलो, पण धाकट्या भार्गवच्या विजयाचं मागणं ओठांवर येईना. इथली थंडी मला सोसते. तुझी पाठ कशी आहे?

लोकसभेला उभा राहून तो गिरणीमालकाची थैली परत करतो, घरटी एकच रुपया घेतो, सभेत देणाऱ्याचं नाव पुकारतो, हे तू पानं भरून लिहिलंस. मी इतकी वर्षं पैसे पाठवतो, माझं नाव कुणी पुकारलं नाही. मोठी रक्कम पाठवून त्याला लाजवणार होतो. त्याने आधीच बजावलं, "दादा, तुझाही रुपयाच घेईन हं."

निघताना तू हातावर ठेवलेली रुपयाची नोट मी देवाजवळ जपली होती. आज ती या पाकिटात घातली. त्याच्या झोळीत तूच टाक.

तुझा थोरला,
श्रीधर