गुंडप्पाच्या नावावरच्या गोळ्या

१२ जून, औसा

आज चार जोडपी झाली. पुण्याच्या प्रयोगशाळेला नवरा-बायकोच हवेत – एकाला साखरेचा आजार, दुसऱ्याला नाही, चूल एकच. दोघांच्या विष्ठेतले जिवाणू तपासायचे. मग औशाचे मुसलमान, चाकूरचे मराठे, देगलूरचे कानडी लिंगायत, यांच्यात फरक पडतो का ते बघायचं. माझं काम एवढंच – डबे वाटायचे, गोळा करायचे, बर्फात घालून लातूरला आणायचे.

सुलतानबीने फॉर्म वाचून दाखवायला लावला. ‘समाज’ या ओळीवर थांबवलं. म्हणाली, "पेट के कीड़ों की भी जात लिखते क्या, बेटी?"

मी लिहिली. तिच्या नवऱ्याने, निजामोद्दीनचाचांनी, आपला डबा तीन पिशव्यांत गुंडाळून दिला आणि आत निघून गेले.

१९ जून, देगलूर

गुंडप्पा, वय ४४. आठ वर्षांपासून साखर, गोळ्या दर महिन्याला सरकारी दवाखान्यातून. बायको पार्वतम्मा, ३९, आजार काही नाही. घरात दोन मुली आणि गुंडप्पाची आई नागम्मा.

गुंडप्पाने रक्त दिलं. पार्वतम्मा सुई बघून मागे सरकली. "मला भोवळ येती. डबा देते, रगत नगं." नवराही घाईने म्हणाला, "ऱ्हाऊ द्या तिचं, म्याडम."

नियमात बसतं. राहू दिलं.

२६ जून

गुंडप्पाच्या रक्ताचा रिपोर्ट आला. साखरेची तीन महिन्यांची सरासरी ५.५, अगदी नॉर्मल. आमचे प्रमुख रामलिंग सर खूश – "पेशंट असावा तर असा."

फोन करून त्याला कळवलं. म्हणाला, "दवाखान्यात बी साखर नॉर्मलच निघायली. गोळी निम्मी केली त्यांनी." आवाजात आनंद नव्हता. नोंद केली, फोन ठेवला.

१९ सप्टेंबर, लातूर

पुण्याहून मेल. गुंडप्पाच्या डब्यात बाईचा नमुना, पार्वतम्माच्या डब्यात पुरुषाचा. विष्ठेत माणसाच्याही पेशी येतात, त्यावरून कळतं.

सर सगळ्यांसमोर म्हणाले, "शिल्पा, लेबलं उलटी लावलीस तू."

मी प्रत्येक डब्याचा हातात घेतानाच फोटो काढते. दाखवले. लेबलं बरोबर होती. "मग काय झालं?" असं त्यांनी विचारलं. मी पुण्याहून अख्खा अहवाल मागवला.

२० सप्टेंबर

दुपारी अख्खा अहवाल वाचला. साखरेची गोळी नेमाने घेतली की पोटातले जिवाणू बदलतात, त्याची खूण दिसते. आमच्या आकड्यांत तर तीन समाजांतल्या फरकापेक्षा ही खूणच ठळक आहे.

पुरुषाच्या नमुन्यात ती खूण नाही. बाईच्या नमुन्यात आहे.

म्हणजे गोळ्या गुंडप्पा खात नाही. पार्वतम्मा खाते.

२३ सप्टेंबर, देगलूर

नागम्मा मळ्यात गेली होती. मी दोघांना समोर बसवून सरळ विचारलं.

 गुंडप्पाच बोलला. धाकट्या मुलीच्या वेळी गरोदरपणात पार्वतम्माला साखर निघाली, ती गेलीच नाही. "उदगीरला तिचं रगत तपासलं अन् चिठ्ठीवर माझं नाव घालून घेतलं. ती चिठ्ठी दाखवून सरकारी गोळ्या सुरू केल्या." कारण गुंडप्पाची थोरली भावजय. तिला फिट यायच्या. नागम्माने तिला माहेरी पोचवलं, ती परत आली नाही. "हिचं बी तसंच झालं असतं."

आणि डबे? "डब्यात साखर सापडंल वाटलं. मग माझ्या डब्यात तिचंच पाहिजे ना. आम्हीच बदलले."

आठ वर्षं दवाखान्यात रक्त त्याचं तपासलं गेलं. ते चांगलं निघालं म्हणून गोळी कमी झाली. ती कमी झाली हिची.

पार्वतम्माला म्हटलं, बोट द्या. दिलं. भोवळ वगैरे काही आली नाही. यंत्रावर साखर ४३१. डाव्या पायाला फडकं होतं, सोडायला लावलं. करंगळीजवळ जखम, बाजूला काळसर. "दुखत न्हाई ओ," ती मला धीर देत म्हणाली. दुखत नाही हेच वाईट.

तिच्या नावाने चिठ्ठी लिहिली – नांदेडला मोठ्या दवाखान्यात, आजच. गुंडप्पाने ती खिशात घातली. "आईला काय सांगू?"

"ते तुम्ही ठरवा," मी म्हणाले. शेवटची बस पकडायची होती.

२५ सप्टेंबर, चाकूर

सहा डबे. दगडोबा म्हणून एक म्हातारे शेतकरी, भलते बोलके. देगलूरला फोन करावा असं एकदा वाटलं. चिठ्ठी दिली की आपलं काम संपतं, असं नियमात आहे. केला नाही.

३० सप्टेंबर, नांदेड

सकाळी गुंडप्पाचा फोन. ते गेलेच नव्हते. आता तिला ताप, पाऊल सुजलेलं. मी सुट्टी टाकून नांदेडला आले.

केसपेपरच्या खिडकीवर नाव विचारलं तेव्हा गुंडप्पा नुसता उभा राहिला. मी सांगितलं. पार्वतम्मा. मधुमेह, आठ वर्षं. तिच्या नावापुढे तो आजार पहिल्यांदाच लिहिला गेला.

सात दिवस वाया गेले. त्यातला न केलेला एक फोन माझा होता.

४ ऑक्टोबर, नांदेड

दोन बोटं काढली. पाऊल वाचलं.

नागम्मा आली. पार्वतम्माच्या पायाशी बसून राहिली. तिला कसं सांगायचं याची मी जुळवाजुळव करत होते, तर तीच म्हणाली, "गोळ्या कोण खातं ते मला पयल्या वर्षीच कळलं होतं, पोरी. ह्या दोघांनी सांगितलं न्हाई, म्हणून म्या बी इचारलं न्हाई."