तुझं पोट आणि माझा क्लच

आई,

परवा रविवारी तुझ्या नातीनं पहिल्यांदा माझी गाडी हातात घेतली. इथं नांदेडजवळ विष्णुपुरीच्या धरणाकडचा रस्ता सकाळी मोकळा असतो म्हणून तिला तिकडं नेलं. नोकरी लागल्यापासून तिच्या डोक्यात बिनक्लचची गाडी बसली आहे. "आई, आता क्लच कोण दाबतं गं?" असं विचारते. मी म्हटलं, तुला हवी ती घे, पण आधी ही शीक, ही आली की कुठलीही येते. तिनं पहिला गियर टाकला, पाय काढला आणि गाडी बुजलेल्या बैलासारखी उडी मारून जागेवर बंद पडली. माझ्या तोंडून निघालं, "मेल्लगा गं, मेल्लगा!" ती माझ्याकडं बघतच राहिली. हा काय शब्द आहे म्हणाली. मी सांगितलं, तुझ्या आजीचा, बिलोलीकडचा, तेलुगू आहे, हळू असा अर्थ. तू गेलीस तेव्हा ती कडेवर होती, तिला तुझा आवाजही आठवत नाही. तिला एवढं सांगून गाडी पुन्हा चालू करायला लावली, पण माझं मन काही जागेवर आलं नाही. म्हणून आज दुपारी जेवणं झाल्यावर लिहायला बसले आहे.

तुझ्यापुढं कसला विनय करू? मी गाडी फार चांगली चालवते. तुझे जावई लग्नानंतर वर्षभर मिशीतल्या मिशीत हसायचे, आता लांबचा रस्ता असला की काही न बोलता डाव्या बाजूचं दार उघडून बसतात. ऑफिसातली एक बाई तान्हं लेकरू घेऊन माझ्याबरोबर लातूरला आली होती. लेकरू निजलेलं होतं ते निजलेलंच उतरलं. लोकांना वाटतं माझा हात चांगला आहे. हात कसला, माझा पाय चांगला आहे, आणि तो घडवला तुझ्या पोटानं.

तुला गाडी लागायची. लोकांना लागते तशी नाही. लोकांना घाटात लागते, तुला लातूरच्या स्टँडवर नुसता डिझेलचा वास आला तरी लागायची. पदराच्या गाठीत लिंबू, कमरेला पिशवी, आणि बस हलायच्या आधी डोळे गच्च मिटून गळ्यातल्या इष्टलिंगावर हात. अप्पा भुसार दुकानाच्या गादीवर बसून गिऱ्हाइकांसमोर सांगायचे, "आमच्या मंडळीला पाटावर बसवलं तरी पाट लागंल." तू हसायचीस, पण त्या हसण्यात काय होतं ते मला कळायचं. बिलोलीला तुझं माहेर, आणि मधे तो दिवसभराचा रस्ता. कुणी गेलं की मातीला तेवढी जायचीस आणि पोचेपर्यंत तूच अर्धी झालेली असायचीस. सणाला म्हणून जाणं कधी जमलंच नाही. त्यात नागपंचमी. आदल्या दिवशी भावाचा उपवास, पोट रिकामं, आणि रिकाम्या पोटी तुझे हाल दुप्पट. मामा मात्र नेमानं मुराळी म्हणून यायचा. बहिणीला न्यायला आलेला भाऊ, डोक्यावर कडक टोपी, हातात लाह्यांची पिशवी. एक दिवस राहायचा, तुझी समजूत काढायचा आणि एकटाच परत जायचा.

त्या वर्षी तो जाताना उंबऱ्यात थांबला. मी चहाच्या कपबशा उचलत होते. "अक्का," तो म्हणाला, "औंदा आलो ते आलो. पुढच्या पंचमीला मी येणार न्हाई. मुराळी एकटा परत आला की गावातली माणसं इचारतात, बहिणीचं नि तुझं काही बिनसलंय का म्हणून. काय सांगू मी?" तू त्याच्या पिशवीत शेंगाचटणीचा डबा घातलास, आत गेलीस आणि धुतलेलीच भांडी पुन्हा घासायला घेतलीस. मी तेव्हा कॉलेज संपवून घरात बसलेली, लग्नाची बोलणी चालू, आणि डोक्यात राख घालून घ्यायला सदा तयार. मी तिथंच ठरवलं. पुढच्या पंचमीला तुला मीच नेणार.

अप्पांनी त्या हिवाळ्यात दुकानासाठी एक जुनी पांढरी गाडी घेतली होती. ते गाडी चालवायचे म्हणजे गाडीशी भांडायचे. गियर टाकताना दात खायचे, ब्रेक तर सूड उगवल्यासारखा. तू त्यांच्या शेजारी एकदाच बसलीस आणि कानाला खडा लावलास. मी ड्रायव्हिंग क्लास लावला. तिथल्या मास्तरांनी मला गाडी पुढं न्यायला शिकवली, मागं घ्यायला शिकवली, लायसनही मिळवून दिलं. मी पेढे वाटले आणि दुसऱ्या दिवशी सकाळी तुला म्हटलं, चल. औसा रोडला लागेपर्यंत तू पिशवी तोंडाला लावलेली होतीस. मला इतकं वाईट वाटलं की मी रागावलेच. रस्त्याच्या कडेला गाडी थांबवली आणि म्हणाले, "तुझंच पोट नाटकी आहे. लायसन आहे माझ्याकडं!" तू चूळ भरलीस, तोंड पुसलंस आणि शांतपणे म्हणालीस, "लायसन माझ्या पोटाला दाखव. गाडी सुरू झाली तवा मला काही झालं न्हाई. तू ते दांडकं ओढतीस ना, तवा माझं आतडं मागं राहून राहिलं आन मी पुढं जाऊन राहिले."

मला ते तेव्हा झोंबलं. पण दुसऱ्या दिवशी तू स्वतःच चप्पल घालून दारात उभी. नवं लिंबू, नवी पिशवी. "चल," म्हणालीस, "सवय झाली तर झाली." मग रोज सकाळी अप्पा दुकान उघडायच्या आत आपण दोघी बाहेर. तू डोळे मिटून बसतेस. मी दुसऱ्यातून तिसरा टाकते. तू न बघता म्हणतेस, "हितं बिघडलं." मी सिग्नलला थांबते. तू म्हणतेस, "हितं तर लईच." मी पाय काढते. "मेल्लगा, मेल्लगा." कुठं बिघडलं ते तुला बरोबर कळायचं, कसं सुधारायचं ते तुला ठाऊक नव्हतं आणि मलाही नव्हतं. उन्हाळा असाच गेला. तुझं वजन उतरलं. अप्पा चिडले, म्हणाले, पंचमीपायी आईला मारतीस का. आखाड उजाडला तरी मी तुला रिंगरोडची एक पुरी फेरी धड घडवू शकले नव्हते. रात्री डोळ्यांपुढं मामा यायचा, एकटा परत जाणारा.

मग शेजारच्या अंगणात, कडुलिंबाच्या झाडाला झोका बांधला. सणाला अजून अवकाश होता, पण पोरी दम धरत नव्हत्या. तू दळण घेऊन चालली होतीस. कुणीतरी म्हणालं, काकू, या की. तू दळणाचा डबा पारावर ठेवलास, पदर खोचलास, मला फळीवर समोर उभी केलीस आणि स्वतःही चढलीस. आई, मी तुला तसं कधी पाहिलं नव्हतं. दोन हिसक्यांत झोका फांदीच्या उंचीला गेला. मी दोऱ्या घट्ट धरल्या, डोळे मिटले, आणि तू, पाटावर बसवलं तरी पाट लागणारी तू, हसत होतीस! मी ओरडले, "तुला हे कसं लागत नाही?" तू झोका न थांबवता म्हणालीस, "ह्याला कुठं धक्का हाय? वर गेला की घटकाभर उभा राहतो. तवा जोर लावायचा न्हाई. लावला की दोरी खाडकन बसती. त्याला वळू द्यायचं, मग पाय दाबायचा." खाली उतरायच्या वेळी मी पाय जमिनीला टेकवायला गेले तर तू दटावलंस. "पाय रोवू नगं, तोंडावर पडशील. झोका थांबवायचा नसतो, त्याला मरू द्यायचं."

मी आपल्या दारातल्या गाडीकडं बघितलं. तुलाही कळलं होतं. दळण पारावरच राहिलं आणि आपण गाडी काढली. मी क्लच दाबला, दुसरा सोडला आणि तिसऱ्यात ढकलायच्या आधी गाडी घटकाभर मोकळी सोडली, झोका वर उभा राहतो तेवढी. मग गियर घातला. मग पाय वर, जिथं गाडी अंग घेते, किंचित थरथरते, तिथं तो थांबवला आणि तिथून पुढं मेल्लगा. तुझं "हितं बिघडलं" आलं नाही. थांबताना ब्रेक दाबला आणि अगदी शेवटी, गाडी उभी राहायच्या बेताला, पाय हलका केला, मरू दिली. गाडी कधी थांबली ते मलाही कळलं नाही. तू डोळे उघडलेस आणि विचारलंस, "का थांबलीस?" त्यानंतर मला पुष्कळ लोकांनी पुष्कळ शाबासक्या दिल्या. तुझ्या त्या प्रश्नाची सर एकीलाही नाही.

पंचमीच्या आदल्या दिवशी उजाडायला निघालो. तुझा भावाचा उपवास. अप्पा दारात उभे राहून म्हणाले, "अहमदपूरहून परत याल." अहमदपूर गेलं, लोहा गेलं, तू लिंबू नाकाशी धरून बसलेली. विष्णुपुरीजवळ एका टपरीपाशी तू माझ्या हाताला हात लावलास. मी गाडी कडेला घेऊन पिशवी पुढं केली. तू म्हणालीस, "चहा घिऊ का गं थोडा?" प्रवासात पाण्याचा थेंब न घेणारी तू बशीत ओतून चहा प्यालीस आणि टपरीवाल्याला सांगितलंस, "माझी लेक चालवती गाडी." त्यानं विचारलं नव्हतं.

नांदेड सोडलं आणि नायगावच्या पुढं केव्हातरी तुझं लिंबू घरंगळून माझ्या पायाशी आलं. मला वाटलं, झालं आता. बघते तर तू झोपलेली. मान काचेकडं कललेली, तोंड थोडं उघडं, हात मांडीवर उताणे. समोर शेळ्यांचा कळप आला, मी चौथ्यातून तिसऱ्यात, तिसऱ्यातून दुसऱ्यात उतरले, शेळ्या गेल्या, पुन्हा चढले. तू हलली नाहीस. नरसीच्या फाट्यावर बिलोलीचा रस्ता आणि देगलूरचा रस्ता वेगळे होतात. मी देगलूरच्या रस्त्याला लागले, बरीच पुढं गेले, मग मोकळं मैदान बघून लांबून वळसा घातला आणि परत आणली. बिलोलीला पोचलो तेव्हा मामा वेशीत केव्हाचा उभा. त्याला आधी वाटलं तू बेशुद्ध आहेस. तू डोळे चोळत उतरलीस, पदर सारखा केलास, आणि तो गावकऱ्यांना ऐकू जाईल असा ओरडला, "अक्का आली! औंदा मुराळी म्हून लेकच आली!" मग मला म्हणाला, "इतका उशीर?" मी म्हटलं, फाटा चुकले. तो हसला, "गाडी लई झ्याक चालवतीस, पण रस्ता इचारत जा की बाई." दुसऱ्या दिवशी त्याच्या चिंचेच्या झाडावर तू असा झोका चढवलास की सुना माडीवरून बघत होत्या. त्यानंतर तू होतीस तोवर एक पंचमी चुकली नाही, आणि एकदाही मामानं मला फाट्यावरून चिडवायचं सोडलं नाही. माझ्या लग्नातसुद्धा जावयाला म्हणाला, पोरगी सोन्यासारखी हाय, तेवढा फाटा सांभाळा. आजही नरसी आलं की हे मुद्दाम बोटानं रस्ता दाखवतात.

परवा तुझी नात चार वेळा बंद पडली, पाचव्यांदा गाडी हलली. गियर बदलताना माझं आतडं काही मागं राहिलं नाही, मला तुझं पोट मिळालेलं नाही. पण मी डोळे मिटून बसले होते आणि कळत होतं. "हितं बिघडलं," मी म्हटलं. ती वैतागली, "आई, तू बघत पण नाहीयेस!" पंचमी जवळ आली आहे. धरणाकडच्या वाटेवर एका झाडाला झोका बांधलेला आहे, पुढच्या रविवारी आधी तिला त्याच्यावर चढवणार आहे.

हे पत्र कुठं टाकायचं? गाडीतल्या खणात ठेवीन, लिंबाशेजारी. अजूनही एक ठेवते मी तिथं, कुणाला लागली तर म्हणून. पण आज एवढं लिहिलंच आहे तर एक सांगते, मामालाही कधी सांगितलं नाही, ह्यांनाही नाही. फाटा मला दिसला होता, आई. पाटीही वाचली होती. पण बिलोली आली असती तर तुला उठवावं लागलं असतं. तू माझ्या शेजारी निजली होतीस, आणि मला अजून थोडा वेळ तशीच गाडी चालवायची होती.