पुलावरची दुसरी निशाणी

१२ सप्टें. १९५०, उमेळे
परवा बोट, गावच्या फादरबरोबर. हेडमास्तरांनी तोंड वाकडं करून का होईना, रजा दिली. पवित्र वर्ष, रोमची यात्रा, नाही म्हणतील कसे! खरं कारण तिघांनाच ठाऊक: फादर, मी, रोझी वहिनी.

पेद्रूची कबर शोधायची आहे. माझा थोरला भाऊ, वहिनीचा नवरा, पलटणीत गेलेला. ४४ च्या डिसेंबरात तार आली, इटलीत लढाईत बेपत्ता. लढाई संपल्यावर एक कागद, 'मृत समजावे'. समजावे म्हणे! वहिनीने सहा वर्षं काय समजून काढायची? आता माणिकपूरच्या सुताराने मागणी घातलीय. बायको गेलेला, भला माणूस. वहिनी हो म्हणाली. पण फादर म्हणतात, नुसत्या 'समजावे'वर देवळात लग्न लावता येत नाही. आधी नीट शोध घ्या.

१३ सप्टें.
वहिनीने पेद्रूचं शेवटचं पत्र आणून दिलं. ऑक्टोबर ४४ चं. घड्यांवर फाटत आलंय. 'गावाचं नाव लिहायला बंदी. पांढरा दगडी पूल आहे, पाच कमानी, रोमन बादशहाच्या वेळचा. जर्मनांनी सुरुंग लावले तरी उभाच. कठड्याला आतून आपली निशाणी कोरलीय. भावाला सांग.'
फादर रोमला शिकलेले. एकदाच वाचलं आणि म्हणाले, "रिमिनी."

वहिनी दारापर्यंत आली. म्हणाली, "भावजी, कबर नाय मिळाली तर निशानी तरी बघून या. माझ्यासाठी हात लावा तिला."

२६ सप्टें. बोटीवर
पाणी, पाणी आणि पाणी. बावतीस काका (राजोडीचे, आमच्याच यात्रेतले, जन्म मचव्यावर गेला) बोट लागून आडवे! सगळी बोट हसतेय. त्यांच्या डब्यातल्या सुक्या करंदीच्या वासाने शेजारची मडमीण जागा बदलून गेली.

७ ऑक्टो. रोम
देवळं बघून मान दुखली. चारी महादेवळांत गुडघे टेकले. प्रार्थना काय केली? भावाची कबर सापडू दे. असं मागणारा मी एकटाच असेन.

११ ऑक्टो. रिमिनी
पुलाच्या टोकाशी गर्दीत बसलोय. तरी लिहितो.

सकाळी पोचलो. फादर लष्करी कबरस्तानाच्या कचेरीत गेले, मी आणि बावतीस काका पुलावर. पूल बघून आधी तर तोंडच उघडं राहिलं. दोन हजार वर्षांचा, आणि वरून लॉऱ्या चालल्यात! बैलगाड्या, सायकली, एक बाई कोंबड्या घेऊन. आपल्या ओढ्यावरचा साकव दर पावसाळ्यात वाहून जातो आणि आपण दर वर्षी नव्याने ओंडके टाकतो. काका म्हणाले, "मास्तर, ह्यांचा गवंडी बोलवा रे आपल्याकडं."

कठडा बोटांनी चाचपत गेलो. लोक बघत होते, बघू देत. अर्ध्याच्या पुढे सापडली. उभी रेघ, दोन आडव्या, बाजूला बागेचा आकडा. आमच्या बागेची निशाणी. केळ्यांचा लोंगर मुंबईला धाडताना दांड्यावर कोयत्याच्या टोकाने कोरतो तीच. आणि आकडा डावीकडे! आमचा उजवीकडे असतो. पेद्रू डावरा, कायम उलटा काढायचा. दलालाने दोनदा आमचा माल दुसऱ्याचा म्हणून बाजूला टाकला, बाबा कोयता घेऊन पेद्रूच्या मागे धावले होते. तरी सुधारला नाही गाढव. खाली साल, आपल्या आकड्यांत ४४.

हात ठेवला. वहिनीचा म्हणून परत ठेवला. रडलो. काकांनी टोपी काढली.

निघालो. दहा पावलं गेलो असेन, आणखी एक.

तीच निशाणी. तोच डावा आकडा. जास्त खोल, सावकाश कोरलेली. खाली ४६.

सेहेचाळीस. चार वेळा बोट फिरवलं, चार आणि सहा. इथल्या माणसाला मराठी सहा कुठून येणार? तार डिसेंबर ४४ ची. लढाई संपली ४५ ला. म्हणजे ४६ साली माझा भाऊ धडधाकट ह्या पुलावर बसून निवांत दगड कोरत होता. आणि घरी त्याच्या नावाने मृताच्या वर्षाची मिस्सा झाली होती!

काकांना अक्षर वाचता येत नाही. म्हणाले, "दोनदा काढली व्हय? हौस दांडगी." मी हो म्हटलं.

वहीतला कागद दोन्हींवर ठेवून वरून शिसपेन घासली, शाळेतली पोरं नाण्याचा छाप घेतात तशी. दोन्ही छाप एकाच कागदावर आले.

त्याच दिवशी, दुपारी
पुलापलीकडे कोळ्यांची वस्ती. बावतीस काका जाळ्याजवळ बसून गाठ बघायला लागले, "आपलीच गाठ रे ही!" जाळं विणणाऱ्या म्हाताऱ्याला मी पेद्रूचा फोटो दाखवला. त्याने हात पुसून घेतला. बराच वेळ बघितला. म्हणाला, "पिएत्रो." पेद्रूच ते, मी मान हलवली. पुढचं एक अक्षर कळलं नाही. मग त्याने हाताने समुद्र दाखवला आणि फोटो परत दिला.

बुडाला? बोटीवर चढून गेला? कोणाबरोबर? फादरना बोलवायला धावलो. घेऊन येईस्तो म्हातारा होडी घेऊन गेला होता. आमची गाडी चारची.
फादर म्हणाले, "कबर नाही. वहीत नाव आहे, देह मिळाला नाही असा शेरा. तुला काही?"
मी म्हटलं, "निशाणी मिळाली. ४४ ची."
खोटं नाही. म्हणजे, खरंही नाही.

१२ ऑक्टो. गाडीत
राग येतोय, भयंकर. जिवंत होतास तर चार ओळी लिहायला काय झालं होतं रे? हात तुटले होते? कोरायला हात होते की!

९ नोव्हें. उमेळे
घरी. वहिनी पाण्याचा तांब्या घेऊन उभी. "निशानी होती?"
"होती."
"हात लावलात?"
"लावला."
ती हसली. सहा वर्षांत मी तिला असं हसताना पाहिलं नव्हतं. पुढचं बोलायला तोंड उघडलं, आणि चहा मागितला.

१९ डिसें.
बिशपांची परवानगी आली. फादर म्हणाले, तुझ्या शोधामुळेच. सुताराने मला मिठी मारली. बिचाऱ्याने वहिनीसाठी फणसाच्या लाकडाचं कपाट करायला घेतलंय.

७ जाने. १९५१, रविवार
देवळात लग्नाची पहिली पुकार, तिन्हींतली. फादरनी दोघांची नावं वाचली. 'कोणाला ह्या लग्नास काही अडथळा माहीत असल्यास त्याने सांगावे.' मी दुसऱ्या बाकावर. बूट बघत बसलो.

१४ जाने.
दुसरी पुकार. परत बूट. खोटं पोटात ठेवून कुमगारची पवित्र भाकर कशी घ्यायची, घेतली नाही. वहिनीने बघितलं.

सांगितलं तर तिचं लग्न मोडलं. कदाचित मेलेल्या माणसासाठी. नाही सांगितलं आणि तो उद्या बंदरावर उतरला तर? माझ्या गप्प बसण्याने तिच्या माथी पाप. देवा, मी साधा चौथीचा मास्तर आहे रे.

२० जाने. शनिवार
बागेत गेलो. वहिनी लोंगरांवर निशाणी कोरत होती. आकडा डावीकडे काढते, त्याने शिकवलेला. इतकी वर्षं माझ्या ध्यानातच आलं नव्हतं.
कोयता थांबवला नाही. म्हणाली, "आल्यापासून माझ्याकडं सरळ बघत नाय तुमी. उद्या तिसरी पुकार. काय असंल तर फादरला नको, आज मला सांगा."
"वहिनी..."
"सांगा नायतर खिशातलं देऊन टाका."
तिला कसं कळलं, कोण जाणे. खिशातून घडी काढली. छापाचा कागद. तिने घेतला. उघडला नाही. कमरेला खोचला, पुढचा लोंगर ओढला.
"उद्या देवळात जायच्या आधी बघंन. आज माल जायचाय."

२१ जाने. रविवार
पहिली घंटा झाली. सदरा घालून ओट्यावर उभा आहे. वहिनीच्या खोलीचं दार बंद. आत दिवा लावलाय, दिवसाउजेडी. कागद वाचायला की जाळायला?
दुसरी घंटा.