साइडकारच्या बदल्यात विजेची गाडी

३ मार्च, रविवार

आधी सगळ्यांची खुशाली. कॉफी गाळता गाळता विचारून घेतली. नेरेइदा, गुडघा कसा आहे? — "आहे तिथंच आहे." ओदालिस, पाठ? — "बाबा, मला झोपू दे!" कोंबडीला विचारलं, तिनं मान वाकडी केली. अंडं नाही. अंगणातल्या मोटरसायकलला आणि तिच्या साइडकारला काय विचारायचं! पेट्रोलसाठी फोनवर नंबर लावलाय. पावसाळ्यापर्यंत लागला तर लागला. राहिलो मी. हात अजून थरथरत नाही. न्हाव्याला तेवढं पुरे.

ओदालिसची पाठ मात्र खरंच दुखतेय. नेरेइदाची नि माझी एकुलती एक लेक. शेजारच्या गावी, फाल्कोनच्या दवाखान्यात नर्स आहे. इथून, प्लासेतासहून, उजाडायच्या आत हमरस्त्यावर जाऊन उभी राहते. पिवळ्या कपड्यातला माणूस सरकारी गाड्या थांबवतो, जागा असेल तर कोंबतो. काल उसाच्या ट्रकवर उभी राहून आली. केसांत पाचट.

जेवताना म्हणाली, "लिसांद्रा सांगत होती, तिकडं बसला वेळापत्रक असतं." लिसांद्रा म्हणजे तिच्याबरोबर शिकलेली मैत्रीण, आता परदेशी, मोंतेविदेओला. एवढंच बोलली आणि पुढचा घास घेतला. तिला भात गेला. मला काही गेला नाही.

६ मार्च, बुधवार

आर्हेलिओ दाढीला आला. दोन घरं सोडून राहतो. त्यानं प्रवासी वाहायला तीनचाकी घेतलीय, म्हणून जुनी विजेची मोटरसायकल काढायचीय. तोंडाला फेस, तरी बोलणं चालूच.

"नार्दो, बदलाबदल करू. माझ्या मेव्हण्याला तुझी साइडकार दे, दुधाच्या कॅन न्यायला. त्याच्याकडं ट्रॅक्टरचं तेल येतं, तो तुझ्या म्हातारीला कसंही चालवेल. तू माझी घे."

"आवाज करते का?"

"मांजर बरी!"

"आणि लाईट गेली की?"

"लाईट गेली की तू तरी काय करतोस? बसतोस ना? तीही बसेल."

वस्तरा गळ्याशी होता म्हणून मी हसलो नाही.

९ मार्च, शनिवार

विचार करतोय. पेट्रोल नाही हे खरं. वीजही नाही हेही खरं! पण पेट्रोल येतच नाही, वीज निदान येऊन जाते. पूर्वी लाईट गेली की ओरडायचो, आता आली की ओरडतो. गल्लीभर आरोळी उठते आणि सगळे एकदम भात, पंखा, इस्त्री, फोन लावतात. की परत अंधार.

नेरेइदाला सांगितलं. ती मसूर निवडत होती.

"कुणासाठी घेतोयस?"

"ओदालिससाठी. रस्त्यावर उभं राहणं सुटेल. मग कशाला जाईल ती कुठं?"

खडा बाजूला काढला. "म्हणजे गाडी नाही घेत. खुंटा घेतोयस."

मी म्हटलं, तसं समज. पोरगी घरात राहायला हवी, एवढंच मला कळतं.  तिनं मसूर पुन्हा पहिल्यापासून निवडले.

१४ मार्च, गुरुवार

फजिती.

आर्हेलिओनं गाडी एक दिवस वापरून बघायला दिली. मी शहाण्यानं काल संध्याकाळी चार्जरला लावली. रात्री आपल्या गल्लीची लाईट असते, सगळ्यांना ठाऊक. नेमकी काल आपली पाळी पलीकडच्या वस्तीला दिली! मी निवांत घोरलो. गाडीही उपाशीच झोपली.

सकाळी नेरेइदाला मागं बसवलं. बाजारापर्यंत झोकात. माणसं वळून बघतात, कारण आवाजच नाही, चोरासारखी जवळ येते. परतताना रेल्वे फाटकाच्या चढावर हळू... हळू... बंद. मधोमध! नेरेइदा मागून म्हणते, "पोचलो का?"

शेवटी घोडागाडीवाल्यानं दोरीनं बांधून ओढत आणली. सगळा रस्ता तो मागं वळून विचारत होता, "काका, माझी गवतावर चालते. करता का बदलाबदल?"

१५ मार्च

नाही घ्यायची. ठरलं.

१९ मार्च, मंगळवार

ओदालिस काल अंधार पडल्यावर आली. चोवीस तासांची पाळी, वर रस्त्यावर ताटकळणं. गाड्या भरलेल्या, एकही थांबली नाही. निम्मी वाट चालत आली. बुटासकट पलंगावर आडवी. मी बूट काढले, मीठपाणी आणलं. टाच फुटलेली.

मला वाटलं झोपली. डोळे मिटलेलेच होते, म्हणाली —

"बाबा, आजारी माणसं उचलायला मी कधी कंटाळले नाही. रस्त्यानं जीव घेतलाय. असंच चाललं तर लिसांद्राला हो म्हणते. तुला आधी सांगून ठेवते, मागनं कळायला नको."

मी पाणी ओतायला मागच्या दारी गेलो. तिथून तसाच आर्हेलिओकडे.

२४ मार्च, रविवार

बदलाबदल झाली. कागद माझ्या नावावर केले.

नेरेइदानं अट घातली होती, साइडकार द्यायच्या आधी तिला एक फेरी हवी. लग्नानंतर त्यातच बसून घरी आली, ओदालिसच्या वेळी कळा सुरू झाल्यावर त्यातच बसून दवाखान्यात गेली. पेट्रोल कुठलं? मग आर्हेलिओ, त्याचा मेव्हणा, मी आणि गिऱ्हाइकांतले दोघे-तिघे, सगळ्यांनी ढकलली. ही केसांना रुमाल बांधून आत बसलेली. गल्लीला पूर्ण वेढा. बायका दारातून ओरडतात, "नेरेइदा, कुठं निघालीस?" ही म्हणते, "हवाना! येतेस?"

उतरली ती थेट स्वयंपाकघरात गेली. मी मागं गेलो नाही.

चार्जिंगचं मी जुळवलंय. माझी बहीण ओर्तेन्सिया इथल्याच इस्पितळाच्या मागं राहते. इस्पितळाची लाईट घालवत नाहीत, तिचं घर त्याच तारेवर. अर्ध्या गावाच्या बॅटऱ्या तिच्या बाहेरच्या खोलीत पडलेल्या असतात. कुणी ब्रेड देतं, कुणी चिमूटभर कॉफी. ओदालिसला सांगितलं — कामावरून परस्पर आत्याकडे जायचं, चार्ज होईपर्यंत बसायचं, मग घरी. फाटकावर अडकायची भानगड नको.

"बाबा, तू सगळा विचार केलास की रे!" म्हणाली आणि टकलावर पापा घेतला.

२ एप्रिल, मंगळवार

हेल्मेट घालून गाते. वेड्यासारखी! आवाज हेल्मेटमध्येच घुमतो, बाहेर नुसती घूं घूं. आर्हेलिओ म्हणाला, "गाडीला आवाज नव्हता, पोरीनं बसवला."

टाच भरली. परवा दवाखान्यातून कुणा बाळंतिणीच्या घरचा भोपळा मांडीवर ठेवून आली. लिसांद्राचं नाव तोंडात नाही.

नेरेइदाला म्हटलं, बघ. तिनं बघितलं. भोपळ्याकडे.

११ एप्रिल

सगळं छान. लिहायला काही नाही.

२३ एप्रिल, मंगळवार

ओर्तेन्सियाचे केस कापायला गेलो. मुद्दाम संध्याकाळी, म्हणजे ओदालिसबरोबर मागं बसून घरी येता येईल.

बाहेरच्या खोलीत पाय ठेवायला जागा नाही. बॅटऱ्या, पंखे, दिवे, वायरींचं जाळं. आणि माणसं. सगळ्यांच्या हातात फोन. मला ठाऊकच नव्हतं. आपल्याकडे लाईट गेली की फोनची रेंजही जाते, तिथं दोन्ही असतं. म्हणून सगळे परदेशातल्या आपल्या माणसांशी तिथूनच बोलतात. एका कोपऱ्यात कुणाची टँपाची आई, खिडकीशी कुणाचा माद्रिदचा नवरा. एकाचं रडणं, दुसऱ्याचं "जेवलीस का?"

ओदालिस दारातल्या गाडीच्या सीटवर पाय वर घेऊन बसली होती. फोनमध्ये लिसांद्रा. हसत होती. असं हसताना मी तिला शेवटचं कधी बघितलं, आठवत नाही. हेल्मेटमधलं गाणं निराळं. मग लिसांद्रानं फोन खिडकीबाहेर धरला आणि ओदालिस नुसती बघत राहिली. एक रस्ता. चालणारी माणसं. बाकी काही नाही.

ओर्तेन्सिया म्हणाली, "रोज असते हं. चार्जिंग झाल्यावरही बसते. मी काही म्हणत नाही."

तिथं जा म्हणून मीच सांगितलं होतं. रोज. न चुकता.

बहिणीचे केस एका बाजूला जास्त कापले गेले. आरसा तिनं अजून बघितलेला नाही.

५ मे, रविवार

आज बोलली. कॉफी स्वतः केली, म्हणजे मला कळलंच.

मोंतेविदेओत म्हाताऱ्या माणसांचं एक घर आहे, तिथं काम मिळतंय. राहायला लिसांद्राकडे. जायच्या खर्चाला घरात विकण्यासारखं एकच आहे, ते अंगणात उभं आहे.

"पण गाडी तुझ्या नावावर आहे, बाबा. साइडकार तुझी गेली. तू नाही म्हणालास तर मी परत विषय काढणार नाही. रुसणारही नाही."

मी म्हटलं, बघू.

नेरेइदा म्हणाली, "माझ्याकडे बघू नकोस. मी मसूर निवडतेय." ताटात मसूर नव्हते.

१२ मे, रविवार

आज मातृदिन. ओदालिसनं कुठून तरी मैदा मिळवून केक केला, मध्ये खड्डा पडलेला. आईच्या गळ्यात पडून म्हणाली, "भेट काय देऊ? राहते. जात नाही. विषय संपला."

मी केकचे दोन तुकडे खाल्ले. आर्हेलिओच्या घरी एक नेऊन दिला. वाटेत शीळ घालत होतो.

नेरेइदानं केक झाकून ठेवला. म्हणाली, उद्या खाईन.

१९ मे, रविवार

आता ओर्तेन्सियाकडे जात नाही. घरीच लावते, लाईट येईल तेव्हा. आली की उठते, वायर जोडते, परत पडते. वेळेवर जाते, वेळेवर येते. जेवते. भांडी घासते. मागितलं ते देते.

गाणं बंद आहे. मी विचारलं, हेल्मेट टोचतं का? — "नाही बाबा."

मीठ कमी आहे का? — "नाही बाबा." गाडी बरी चालतेय ना? — "हो बाबा." लहानपणापासून या पोरीनं एक गोष्ट भांडल्याशिवाय ऐकली नाही. वेणीसुद्धा नाही.

दवाखान्यात नीट बोलते म्हणे. आजाऱ्यांशी.

आज खुर्चीत गिऱ्हाईक नव्हतं. स्वतःच बसलो आणि आरशातल्या म्हाताऱ्याकडे बराच वेळ बघितलं. बसलाय आपला. खाऊन-पिऊन सुखी. जे हवं होतं ते घरात आहे त्याच्या.

२१ मे, मंगळवार

पाळी करून ओदालिस झोपली होती. सकाळीच गाडी विकून टाकली — औषधाच्या दुकानातल्या बाईच्या जावयाला. कागदावर सही केली.  गाडी गल्लीतून गेली तेव्हा कुणी मान वर केली नाही. आवाज नाही ना तिला.

ओदालिस उठून अंगणात गेली. परत आली. दारातच उभी. नेरेइदानं तिच्यापुढं गाडीच्या पैशांचं पाकीट ठेवलं.

मी एवढंच म्हटलं — तिकडं पोचलीस की लिही. लांबलचक नको, दोन ओळी चालतील. पण लवकर लिही.