यादीत विंडोज नव्हतं

प्रिय नेव्हिल,

फोन सोडून पत्र कशाला, असं तुला वाटेल. शेवटपर्यंत वाच. पपांची तब्येत आहे तशीच. झटक्यानंतर उजवा हात आता थोडा हलतो, पण वाचा आलेली नाही. दिवसभर खुर्चीत बसून माझ्याकडे बघत राहतात.

रविवारी चर्चमधून, मिस्साहून आले आणि कॉम्प्युटर उघडला. शाळेत यंदापासून मुलांना लिनक्स शिकवायचं आहे, म्हणून घरी सराव हवा होता. विंडोजही मोडायचं नव्हतं. माझ्या प्रश्नपत्रिका, पपांचं सगळं त्यातच. आमचे सत्यवान सर म्हणाले होते, डिस्कचे दोन भाग केले की दोन्ही सिस्टीम एकाच मशीनवर राहतात, फक्त आधी सगळं दुसरीकडे उतरवून घे. मी प्रश्नपत्रिका उतरवल्या. पपांचा फोल्डर राहिला, हे आठवलं ते शेवटचं बटण दाबून झाल्यावर.

मशीन पुन्हा सुरू झालं ते थेट लिनक्समध्ये. विंडोजचं नावच नाही. तीनदा बंद-चालू केलं, तेच. पपा बघत होते. मी स्क्रीन त्यांच्याकडून वळवली आणि सरांना फोन लावला.

"भियाव नको गो," ते म्हणाले. "तुझा विंडोज आसा थंयच. चालू करतानाच्या यादीत दिसना नाय इतक्याच."

त्यांनी एक ओळ अक्षर-अक्षर सांगून टाइप करायला लावली. दोनदा चुकले. तिसऱ्यांदा जमलं, आणि मशीन पुन्हा सुरू झालं तेव्हा काळ्या पडद्यावर दोन नावं आली. फोल्डर उघडला. सगळं जागच्या जागी होतं. मी तिथेच रडले.

नेव्हिल, त्यात तुझ्यासाठी एक रेकॉर्डिंग आहे. आजारी पडायच्या आठ दिवस आधी पपांनी माझ्यासमोर केलेलं. "नेव्हिल, माझा चुकला रे. तुझ्या लग्नाक मी येवक होया होता. संचिताक घेवन घराक ये." तुला पाठव म्हणाले होते. मी पाठवलं नाही. त्यांचं सगळं मी करायचं आणि माफी मात्र त्यांनी तुझी मागायची, याचा राग आला होता. मग त्यांची वाचाच गेली, आणि तुला सांगायची भीती वाटू लागली. सात महिने मी गप्प राहिले. रविवारी तासभर वाटलं, त्यांचा आवाज माझ्याच हाताने पुसला गेला. त्या रेकॉर्डिंगचा पेनड्राइव्ह याच पाकिटात आहे. माझ्याशी बोलू नकोस हवं तर, पण दोघं या. पपांना बोलता येत नाही. ऐकू सगळं येतं.

तुझीच बहीण, तुझ्या रागाला तयार असलेली,
डेल्सी
जामसंडे